तिळगूळ दगड का होतो आणि आइस्क्रीममध्ये बर्फाचे खडे का येतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: मागच्या संक्रांतीला वड्या दातांना फुटेनात, म्हणून यंदा पाक कमी केला, तर तिसऱ्या दिवशी डब्यात सगळ्या एकमेकींना चिकटून लगदा झाला. मे महिन्याच्या सुट्टीत पोरांसाठी आंब्याचं आइस्क्रीम केलं, त्यात जिभेला खडे लागत होते. कृती दोन्ही वेळा अक्षरशः पाळली. मग चुकलं कुठे?

बहुतेक कृती 'पाच मिनिटं पाक करा', 'आठ तास फ्रीझरमध्ये ठेवा' असं सांगतात. पण पाच मिनिटांत तुमच्या कढईतलं पाणी किती उडतं, ते कढईचा घेर, आच आणि गुळातला ओलावा ठरवतात, घड्याळ नाही. दोन्ही तक्रारी मुळात पाण्याच्या आहेत. तिळगुळात पाणी उडवायचं असतं आणि किती उरलंय ते ओळखून थांबायचं असतं. आइस्क्रीममध्ये ते सगळं उडवता येत नाही, म्हणून गोठताना त्याचे कण बारीक कसे राहतील हे बघायचं असतं.

तुम्ही कुठल्या गावी राहता, गूळ कोणता घेतला आणि फ्रीझर कसा आहे, हे लिहिलेलं नाही. या तिन्हींनी उत्तर बदलतं, म्हणून जिथे फाटे फुटतात तिथे तसं सांगतो.

आधी तिळगूळ. तुम्हाला मऊ वडी हवी आहे की कुरकुरीत लाडू, हे गूळ विकत घेण्याआधी ठरवा. संक्रांतीच्या सुमारास वाणी 'चिक्कीचा गूळ' वेगळा विकतो. तो गडद, चिकट आणि तार धरणारा असतो. कुरकुरीत लाडू आणि चिक्की त्याचीच करायची. मऊ वडीला रोजचा साधा, पिवळसर गूळ घ्यायचा. चिक्कीच्या गुळाची मऊ वडी करायला गेलात तर ती दातांत ताणली जाते. साध्या गुळाची चिक्की होते, पण पाक पुढे न्यावा लागतो आणि तिथे तो करपायला वेळ लागत नाही. खारट किंवा आंबूस गूळ दोन्हीला नको. घेताना तुकडा जिभेवर ठेवून पाहावा.

आता पाक. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर काम सोपं होतं. गुळाचा पाक ११५ ते ११८ अंशांवर असताना थेंब गार पाण्यात टाकला तर त्याची मऊ गोळी वळते आणि ती बोटांनी चपटी होते. हा मऊ वडीचा पाक. १२० ते १२५ ला गोळी टणक होते, दाबली तर थोडीशीच दबते. त्यातून जरा चिवट, पण खाता येण्याजोगे लाडू होतात. १४० ते १४५ ला थेंब पाण्यात पडताच कडक होतो, काढून ताटलीत टाकला तर टण्ण वाजतो आणि वाकवला तर वाकत नाही, काडकन मोडतो. हा चिक्कीचा पाक. गूळ त्यापुढे नेला तर कडवट होऊ लागतो. साखरेच्या पाकाला त्यापुढेही थोडी सवड असते.

मधला, साधारण १२५ ते १३८ अंशांचा टप्पा दगा देणारा आहे. तिथे पाणी इतकं कमी झालेलं असतं की वडी मऊ राहत नाही आणि इतकं कमीही नसतं की ती ठिसूळ व्हावी. परिणामी दगड. तुमची पहिल्या वर्षीची वडी बहुधा इथेच थांबली. म्हणून 'दगड झाली म्हणजे पाक जास्त झाला' हे अर्धंच खरं. मऊ हवी होती तर पाक जास्त झाला. कुरकुरीत हवी होती तर तो कमी पडला, आणखी थोडा पुढे नेला असता तर तीच वडी दातांखाली खुसखुशीत फुटली असती. यंदा तुम्ही पाक बराच अलीकडे थांबवला आणि दुसऱ्या टोकाला गेलात.

थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात बुडवून तपासा. समुद्रसपाटीला तो १०० दाखवेल. पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे पाणी सुमारे ९८ लाच उकळतं. महाबळेश्वरला आणखी दोन-तीन अंश खाली. जेवढा फरक दिसेल तेवढाच पाकाच्या आकड्यातून वजा करायचा. थर्मामीटर नसेल तर वाटीतल्या पाण्याची परीक्षा पुरेशी आहे, फक्त थेंब तपासताना गॅस बंद ठेवा. पाव किलो गुळाचा पाक शेवटी शेवटी अर्ध्या मिनिटात पाच-सात अंश चढतो. तुम्ही वाटीत बोटं घालून विचार करत असताना कढईतला पाक पुढच्या टप्प्यावर गेलेला असतो.

मऊ वडीचं माझं प्रमाण असं: तीळ २५० ग्रॅम, साधा गूळ बारीक चिरून २५० ग्रॅम, दाण्याचं कूट १०० ग्रॅम, भाजलेलं सुकं खोबरं ५० ग्रॅम, तूप दोन मोठे चमचे, वेलची. तीळ मंद आचेवर भाजा. ते तडतडायला लागले, फुगले आणि चिमटीत सहज चुरडले की थांबा. रंग बदलेपर्यंत थांबलात तर कडू होतात. निम्मे तीळ अख्खे ठेवून निम्मे जाडसर कुटले तर वडी तुटत नाही, कारण कुटलेल्या तिळांचं तेल सुटतं आणि मिश्रण धरून राहतं. गुळात दोन चमचे पाणी घालून तो आधी मंद आचेवर पूर्ण विरघळवा, मगच आच मध्यम करा. खडे शिल्लक असताना उकळी आली तर एका बाजूचा पाक पुढे गेलेला असतो आणि दुसऱ्या बाजूला अजून गूळच असतो. पाक ११६ च्या आसपास आला की गॅस बंद करून सगळं एकदम ओतायचं, ढवळून तूप लावलेल्या ताटात थापायचं आणि गरम असतानाच सुरीने रेघा मारायच्या. तीळ आणि कूट कोमट असू द्या. गार तिळांत पाक ओतला की तो जागीच आळतो, मिश्रण कोरडं पडतं, आणि मग लोक त्यात पाणी शिंपडतात. तिथेच पुढच्या चिकटपणाची सोय होते.

कुरकुरीत लाडवांना २५० ग्रॅम तीळ, २५० ग्रॅम चिक्कीचा गूळ, १०० ग्रॅम भाजलेले, सोललेले, अर्धे केलेले दाणे, ५० ग्रॅम पंढरपुरी डाळं आणि ५० ग्रॅम खोबऱ्याचे पातळ काप. गुळात पाणी नाही, फक्त एक मोठा चमचा तूप. आच कमी, हात सतत चालू. पाक टण्ण वाजला की पाव चमचा खाण्याचा सोडा घालून भरभर ढवळा. तो फेसाळतो, त्यात बारीक हवा अडकते आणि लाडू दातांना हलका लागतो. सोडा यापेक्षा जास्त झाला तर रंग काळपट होतो आणि साबणासारखी चव येते. लाडू वळायला दोघं-तिघं हवीत, एकट्याचं हे काम नव्हे. हाताला पाणी लावून वळायची पद्धत आहे खरी, चटका कमी बसतो म्हणून. पण जो ओलावा एवढी मेहनत करून घालवला, तोच लाडवाच्या अंगाला परत लागतो. तूप लावा. मिश्रण आळायला लागलं तर कढई अर्धा मिनिट मंद आचेवर धरा, पुन्हा वळता येतं. ते जमत नसेल तर सरळ तूप लावलेल्या ओट्यावर ओतून लाटणं फिरवा आणि चिक्की म्हणून कापा.

तिसऱ्या दिवशी लगदा का झाला? गुळात नुसती साखर नसते. त्यात फळांत असते तशी ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही बऱ्यापैकी असते, आणि ती हवेतलं पाणी ओढून घेते. म्हणून गुळाची वडी साखरेच्या वडीसारखी कोरडी राहत नाही. गूळ जुना किंवा आंबूस असेल तर हे प्रमाण आणखी वाढलेलं असतं. जानेवारीत नागपूरची हवा कोरडी असते, तिथे ११५ चा पाकही निभावून जातो. मुंबई, रत्नागिरी, गोवा अशा किनाऱ्यावर मी मऊ वडीलाही ११८ पर्यंत नेतो आणि जास्त दिवस टिकवायची असेल तर कुरकुरीतच करतो. वड्या पूर्ण गार झाल्यावर, पण त्याच दिवशी, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. कोमट असताना झाकण लावलं तर वाफ आतच धरते, आणि रात्रभर उघड्या राहिल्या तर हवा काम करते. थरांमध्ये बटर पेपर घाला.

झालेला माल टाकायचा नाही. लगदा झालेल्या वड्या कुस्करून, थोडं भाजलेलं बेसन मिसळून गूळपोळीचं सारण होतं. दगड झालेल्या खलबत्त्यात कुटून ठेवा, त्यांचं काम पुढे आइस्क्रीममध्ये आहे.

विचारलेलं नाही, पण संक्रांतीचा विषय निघाला म्हणून काटेरी हलव्याबद्दल. त्याचं गणित उलटं आहे. तिळगुळात साखरेचे दाणे धरायला नको असतात, हलव्यात तेच हवे असतात. म्हणून तो गुळाचा होत नाही, शुभ्र साखरेचाच होतो. एकतारी पाक, तोही चमच्याने थेंब थेंब, मंद शेगडीवर ठेवलेल्या परातीतल्या तिळांवर, खसखशीवर किंवा साबुदाण्यावर सोडत बोटांनी हलवत राहायचं. एक थर वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. घाई करून पाक जास्त पडला तर आलेले काटे विरघळतात आणि गुळगुळीत गोळी हाती येते. थंड, कोरडी सकाळ लागते आणि दोन-तीन दिवस जातात. बोरन्हाणाला किंवा नव्या सुनेच्या दागिन्यांना घरचा हलवा हवाच असेल तर करा, नाहीतर विकत आणण्यात कमीपणा नाही.

आता आइस्क्रीम. दुधात सुमारे ८५ टक्के पाणी असतं. ते गोठणारच, प्रश्न एवढाच की बारीक बारीक कणांत गोठतं की मोठ्या खड्यांत. खडे लहान ठेवणाऱ्या गोष्टी चार: मोकळं पाणी कमी असणं, साखर आणि स्निग्धांश पुरेसे असणं, गोठणं झपाट्याने होणं आणि गोठताना मिश्रण हलत राहणं. आंब्याच्या आइस्क्रीममध्ये लोक पहिल्याच गोष्टीत फसतात. आमरस घट्ट दिसतो, पण त्यातही ८० टक्क्यांच्या वर पाणीच आहे. एक लिटर न आटवलेलं दूध आणि त्यात अर्धा किलो रस म्हणजे गोड बर्फाची तयारी.

हे प्रमाण धरा. म्हशीचं किंवा पिशवीतलं फुल क्रीम दूध, म्हणजे ६ टक्के फॅटचं, एक लिटर. ते रुंद पातेल्यात ढवळत ७०० मिलिलिटरपर्यंत आटवा. दीडशे ग्रॅम साखर. एक सपाट मोठा चमचा कॉर्नफ्लोअर थोड्या गार दुधात कालवून घाला आणि दोन मिनिटं शिजवा. कच्चं राहिलं तर पिठाळ लागतं. गार झाल्यावर २५ टक्के फॅटचं पाकिटातलं क्रीम २०० ग्रॅम. सगळं मिळून साधारण एक किलो मिश्रण होतं आणि त्यात स्निग्धांश दहा टक्क्यांच्या आसपास येतो. बाजारात पाकिटावर नुसतं 'आइस्क्रीम' लिहायला कायद्यानं निदान तेवढं दुधाचं फॅट लागतं. या एक किलोला हापूसचा रस पाव किलो ते तीनशे ग्रॅम, त्याहून जास्त नको, आणि वर दोन चमचे साखर. डबाबंद रस आधीच गोड केलेला असेल तर ती वगळा, उलट मूळ साखरेतूनही तीस-चाळीस ग्रॅम कमी करा.

दूध यापेक्षा जास्त आटवू नका आणि आटवलेल्या दुधात वर दूध पावडर ओतू नका. एक तर आटवा, नाहीतर पावडर घाला. दोन्ही केलं की दुधातली स्वतःची साखर इतकी दाट होते की ती गोठताना वेगळी होते आणि आइस्क्रीम वाळूसारखं रवाळ लागतं. ही वाळू आणि बर्फाचे खडे यांत गल्लत होते. खडा जिभेवर लगेच विरघळतो, वाळू रेंगाळते. तुमच्या वर्णनावरून तुमचे खडेच आहेत.

साखर कमी करण्याचा मोह आवरा. साखर नुसत्या गोडीसाठी नसते, ती पाण्याचा काही भाग गोठू देत नाही. निम्मी केली की फ्रीझरमधून वीट निघते. गुळाचं आइस्क्रीम छान मऊ होतं, कारण गूळ हे काम साखरेपेक्षा जास्त करतो. पण गरम दुधात गूळ घातला तर दूध फाटू शकतं. दूध पूर्ण गार करून मग गुळाचा गार, गाळलेला पाक घाला. आंब्याचा रसही तसाच, गार मिश्रणातच. आणि सीताफळाचा गर तर गरम करायचाच नाही, कडू होतो.

जीएमएस (स्निग्धांश आणि पाणी एकजीव ठेवणारी) आणि सीएमसी (पाणी धरून मिश्रण दाट करणारी) या आइस्क्रीमच्या पावडरी दुकानात मिळतात. वापरायला हरकत नाही, पण लोक चमचेच्या चमचे घालतात. एक किलो मिश्रणाला जीएमएस एक चहाचा चमचा आणि सीएमसी त्याच चमच्याचा पाव भाग पुरे. जीएमएस गरम दुधातच विरघळतं, गारात घातलं तर त्याचे मेणचट कण राहतात. सीएमसी साखरेत मिसळून घाला, नाहीतर गुठळ्या होतात. या वापरल्या तर कॉर्नफ्लोअर वगळा.

मिश्रण तयार झालं की रात्रभर फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नव्हे, ठेवा. निदान चार तास तरी. या वेळात स्निग्धांश घट्ट होतो, दुधातली प्रथिनं पाणी धरतात आणि मिश्रण दाट होतं. शिवाय कोमट मिश्रण फ्रीझरमध्ये घातलं तर ते गोठायला तासन् तास लागतात, आणि जितकं हळू गोठेल तितके खडे मोठे.

घरात लाकडी बादलीचा हाताने फिरवायचा पॉट असेल तर तोच काढा, कुठल्याही फ्रीझरपेक्षा बरा. डबा दोन तृतीयांशच भरा, हवा शिरून मिश्रण फुगतं. बर्फ सुपारीएवढा फोडून, वजनाने चार भाग बर्फाला एक भाग जाडं मीठ, थरावर थर. मीठ बर्फाला वितळवतं आणि वितळायला लागणारी उष्णता डब्यातून ओढली जाते. नुसता बर्फ शून्याला थांबतो, हे मिश्रण उणे १२-१५ पर्यंत सहज उतरतं. खाली साठणारं खारं पाणी लगेच ओतून देऊ नका, डब्याला सगळीकडून भिडून गारवा पोचवण्याचं काम तेच करतं. ते झाकणाच्या वर चढणार नाही एवढंच बघा. मीठ फार झालं तर कडेला जाड पापुद्रा गोठतो आणि मध्ये पातळच राहतं. कमी झालं तर अर्धा-पाऊण तास फिरवूनही घट्ट होत नाही आणि उलट लोण्याचे कण सुटतात, ताक घुसळताना सुटतात तसे. सगळं बरोबर असेल तर वीस-तीस मिनिटांत दांडा जड होतो. थांबा, पाती काढा, डबा पुन्हा बर्फ-मिठात पुरून वर गोणपाट टाका आणि दोन तास हात लावू नका.

पॉट नसेल तर स्टीलच्या पसरट डब्यात दोन-अडीच सेंटिमीटरचा थर ओता. खोल प्लास्टिकचा डबा नको, मधला भाग शेवटपर्यंत पातळ राहतो. फ्रीझर आदल्या रात्रीच सर्वांत थंड आकड्यावर लावा. पाऊण ते एक तासाने कडा गोठल्या की मिक्सरमध्ये थोडक्यात फिरवा, वितळेपर्यंत नाही, आणि परत ठेवा. असं तीनदा. तिसऱ्यांदा फिरवल्यानंतर लहान डब्यांत भरून प्लास्टिकचा कागद थेट पृष्ठभागाला चिकटवा आणि मग झाकण. झाकण आणि आइस्क्रीम यांच्यात मोकळी जागा राहिली की तिथलं बाष्प वर बर्फ होऊन बसतं.

मघाशी कुटून ठेवलेला तिळगूळ शेवटच्या फेरीनंतर घाला, पण आधी त्याला चमचाभर पातळ तुपात घोळवा. तसाच घातला तर तो आइस्क्रीममधलं पाणी ओढून दोन दिवसांत विरघळतो. तूप लावलं तर आठवडाभर कुरकुरीत राहतो.

एका दाराच्या फ्रिजमधला छोटा फ्रीझर बहुधा उणे १८ पर्यंत उतरत नाही. तिथे वरचं सगळं बिनचूक करूनही पाच-सहा दिवसांनी खडे येतील, कारण दार उघडलं की आइस्क्रीम थोडं वितळतं, पुन्हा गोठतं, आणि दर वेळी लहान कणांचं पाणी मोठ्यांना जाऊन चिकटतं. अशा घरी थोडं करा आणि तीन दिवसांत संपवा. मे महिन्यात वीज दोन-चार तास जाऊन आइस्क्रीम पूर्ण पातळ झालं तर ते परत गोठवू नका. अजून थंड असेल तर गार दूध घालून मिक्सरमधून काढा आणि लगेच पिऊन टाका. कोमट झालं असेल तर फेकून द्या.